पत्रिकेवरचे आप्पा

चहा हातात घ्या आणि नीट टेकून बसा, कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या फोनला हात लावू देणार नाही. आमच्या वैशूच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी असा काही पराक्रम केला की मुहूर्ताला तीन तास उरले असताना अख्खं वऱ्हाड सुरतेबाहेरच्या कडोदऱ्याच्या चौकातून मागे वळायला निघालं होतं. आणि हे मी काही भांडून-बिंडून नाही केलं. शुद्ध हुशारीच्या जोरावर केलं. साधा मूर्खपणा केला असता तर एवढं नुकसान झालंच नसतं.

आता हुशारी कसली ते सांगतो. मी दिवसा सुरतेजवळ इच्छापोरला एका कारखान्याच्या ऑफिसात बसून मालाच्या नोंदी करतो. पण ती झाली नोकरी. कुणी विचारलं की तू करतोस काय, तर मी छाती फुगवून सांगतो, मी ओपन सोर्सवाला आहे! मग समोरचा विचारतो, म्हणजे काय? मग मी जो सुरू होतो तो थांबत नाही. आमच्या लिंबायतमध्ये, म्हणजे सुरतेतल्या आमच्या खान्देशी वस्तीत, मी येताना दिसलो की दोन-तीन माणसं गल्ली बदलतात, ती याच कारणानं.

सोपं आहे हो. गणपती मंडळ समजा, फक्त पावतीपुस्तक नाही आणि डीजे नाही. कुणीतरी एक सॉफ्टवेअर बनवतं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवतं. ज्याला जमेल त्यानं त्यात भर घालायची, चुका काढायच्या, दुरुस्त करायच्या. ज्याला हवं त्यानं वापरायचं. कुणी कुणाचा मालक नाही, कुणी कुणाचा नोकर नाही. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही येतो, हे बघा.

तर आम्ही पाच-सहा जणांनी मिळून एक सॉफ्टवेअर केलं होतं, त्याचं नाव ‘मांडव’. त्यात लग्नपत्रिका तयार होते. वर-वधूची नावं भरा, तारीख भरा, स्थळ भरा, कुलदैवत निवडा, की पत्रिका तयार. खान्देशातल्या छोट्या छोट्या प्रेसवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावांसाठी वेगळा रकाना, तो मी स्वतः केलेला. पंचवीस पोरांची नावं घातली तरी ओळ मोडत नाही, बोला.

पण पत्रिका दिसते कशी हे दाखवायला एक नमुना लागतो ना? तो नमुनाही मीच केला. त्यात अगदी तळाला, बारीक अक्षरात एक ओळ हवी होती. मला बघायचं होतं की मराठी आकडे छापताना नीट येतात का. म्हणून मी लिहिलं, ‘रस्त्याच्या माहितीसाठी संपर्क : आप्पा’, आणि पुढे दहा आकडी नंबर.

आता तुम्ही मला सांगा, तुम्हाला कुणाचा नंबर पाठ आहे? बायकोचा? मित्राचा? नाही ना? माणसाला फक्त बापाचा नंबर पाठ असतो. लहानपणी हरवलास तर हा सांग म्हणून घोकून घेतलेला असतो. मीही तोच टाकला. आमच्या आप्पांचा. खराखुरा.

म्हटलं नंतर काढू. हे ‘नंतर काढू’ म्हणजे आमच्या धंद्यातलं ‘उद्या बघू’.

बरं, आमच्यात एक नियम आहे. एकानं केलेलं काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. माझं काम तपासलं जळगावच्या नितीननं. अत्यंत काटेकोर माणूस, एक स्वल्पविराम चुकला तर परत पाठवतो. त्यानं सगळं तपासलं आणि लिहिलं, ‘छान.’ ती ओळ त्याला खटकली नाही. का खटकली नाही हे मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, मला वाटलं आमचेच आप्पा.

इथेच तर सगळी गोम आहे. खान्देशात ज्या घरात एकही आप्पा नाही असं घर मला दाखवा. प्रेसवाल्यानं वर-वधूची नावं बदलली, तारीख बदलली, पण त्या तळाच्या ओळीला मी रकानाच ठेवला नव्हता, म्हणून ती तशीच छापून आली. पत्रिका तपासायला घरी गेली तर घरच्यांनी वाचलं ‘आप्पा’, आणि प्रत्येकाला वाटलं, बरोबर, आपले आप्पा. नंबर कोण तपासतो? अशा रीतीनं अमळनेर, शिरपूर, साक्री, जिथे जिथे म्हणून ‘मांडव’ पोचलं, तिथे तिथे आमचे आप्पा पोचले.

आमच्या आप्पांची ओळख करून देतो. बत्तीस वर्षं पॉवरलूमवर काम केलेला माणूस. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे ते साधं ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजारचे उठून मीठ आणून देतात. गेल्या दिवाळीत काम सोडलं आणि घरी बसले. घरात शांतता, आणि त्या शांततेत काय करायचं ते त्यांना कळेना. माझी आई म्हणायची, हा माणूस खुर्चीत बसून भिंतीला काम सांगतो.

आणि मग लग्नसराई सुरू झाली आणि फोन वाजायला लागला.

पहिला फोन आला तेव्हा मी समोरच होतो. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, आप्पा, आम्ही फाट्यावर आलोय, आता कुठे वळायचं? दुसरा कुणी असता तर राँग नंबर म्हणून ठेवून दिला असता. आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि अहिराणीत कडाडले, आहात तिथेच थांबा.

“जठे शेतस तठेच थांबा. हालू नका. काय दिखस तठे?”

पलीकडचा म्हणाला, पानटपरी दिसते.

“टपरीवर कोन उभा शे? दे त्याले फोन.”

झालं! आप्पांना ना तो फाटा माहीत, ना ते गाव, ना ते लग्न. पण त्यांनी टपरीवरच्या अनोळखी माणसाला कामाला लावलं, त्याच्याकडून रस्ता काढला, तो गाडीवाल्याला समजावला, आणि गाडी मांडवाच्या दारात लागेपर्यंत फोन सोडला नाही. शेवटी नवरदेवाला आशीर्वाद पण दिला. फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी तीन आले. रविवारी नऊ. मग मला शंका आली आणि एका फोनवाल्याला मी म्हटलं, जरा पत्रिकेचा फोटो पाठवा. फोटो उघडला आणि काय सांगू, मी आनंदानं ओरडलोच! माझी चौकट! माझी अक्षरं! चिल्ल्यापिल्ल्यांची सतरा नावं आणि ओळ मोडलेली नाही! माझं सॉफ्टवेअर खरोखरच्या लग्नात!

मग नजर तळाला गेली.

मी त्याच दिवशी ती ओळ काढली. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. पण ही दुरुस्ती नव्या आवृत्तीतून जाणार, आणि नवी आवृत्ती घ्या म्हणून प्रेसवाल्याला ऐन लग्नसराईत सांगून बघा. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, असं त्याचं म्हणणं. शिवाय ज्या पत्रिका छापून गावोगाव वाटल्या होत्या त्या काय परत आणणार होतो? फोन येतच राहिले, आणि आप्पा उभे राहून ते घेतच राहिले. एका घरून तर त्यांना बुंदीचे लाडू आले. कुणाचे, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

इकडे वैशूचं लग्न आलं तोंडावर. मुलगा शहाद्याचा, जितेंद्र नाव, शाळेत शिक्षक. स्वभावानं इतका गरीब की चहात साखर नसली तरी छान झालाय म्हणतो. त्याला वडील नाहीत. घरातला सगळा कारभार त्याच्या मामांकडे. आणि मामा म्हणजे, कसं सांगू, साखरपुड्याला त्यांच्या टोपीला कुणाचा तरी धक्का लागला तर त्यांनी अर्धा तास जेवायला नकार दिला होता. आत्तापर्यंतची सगळी बोलणी आमच्या शहाद्याच्या आत्यानं मध्ये राहून केली होती, कारण मामांशी थेट बोलायची कुणाची छाती नव्हती. साखरपुड्यातही आप्पा मुलीचे वडील म्हणून तोंडातल्या तोंडात बोलत बसले होते. तसं बोलताना मी त्यांना आयुष्यात तेव्हाच पाहिलं.

तर लग्न चार दिवसांवर, आणि आप्पा फोनवर. मंडपवाला दारात उभा आहे आणि आप्पा कुठल्या तरी गावच्या वऱ्हाडाला म्हणताहेत, हालू नका. आई वैतागली. मला म्हणाली, “तुन्ही करनी शे ना ही? मंग तूच निस्तर. पोरनं लगीन शे घरमा, आन बाप गावनी लगने लावी राह्यना.”

हे ऐकलं आणि माझ्यातला ओपन सोर्सवाला जागा झाला. आता खरं तर साधा उपाय होता. चार दिवस आप्पांचा फोन मी माझ्याकडे ठेवायचा आणि येईल तो घ्यायचा. पण साधा उपाय केला तर आम्ही आम्ही कसले? मला आठवलं की एक दुसरं ओपन सोर्स ॲप आहे. ते नको असलेले फोन आपोआप कट करतं आणि समोरच्याला मेसेज पाठवतं. त्याचं मराठी भाषांतर मीच केलं होतं! आपण लावलेल्या झाडाचं फळ आपल्याच बापाला, असं वाटून मला भरून आलं.

धावपळीत वेळ मिळाला तो थेट लग्नाच्या आदल्या रात्री, तेव्हा ॲप टाकलं. नियम असा, फोनमध्ये ज्यांचं नाव साठवलेलं आहे त्यांचे फोन येऊ द्यायचे, बाकी सगळे कट. आणि मेसेज मी स्वतः लिहिला. शुद्ध मराठीत, दोनदा वाचून. ऐका:

‘नमस्कार. हा क्रमांक आपल्या पत्रिकेवर चुकून छापला गेला आहे. या लग्नाशी आमचा काहीही संबंध नाही. कृपया आपल्या खऱ्या यजमानांशी संपर्क साधावा. शुभ विवाह.’

काय भाषा आहे! शेवटचं ‘शुभ विवाह’ तर मला विशेष आवडलं होतं. मग चाचणी घेतली. माझ्या फोनवरून लावला, वाजला. शेजारच्या वहिनींच्या फोनवरून लावला, कट झाला आणि मेसेज आला. चाचणी यशस्वी.

मी आप्पांना सांगितलं, आता फक्त ओळखीच्या लोकांचे फोन येतील. आप्पांनी फोन हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, “मन्हा त सगळाच वळखीना शेतस.”

म्हणजे, माझ्या तर सगळेच ओळखीचे आहेत. मी हसलो. अहो, हसलो मी! त्या एका वाक्यात त्यांनी मला सगळं सांगितलं होतं आणि मी हसून सोडून दिलं. कारण आप्पांच्या फोनमध्ये किती नावं साठवलेली होती माहीत आहे? चार. मी, आई, वैशू आणि गॅसवाला. बाकी सगळं गणगोत एकतर त्यांच्या डोक्यात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या शेजारी पेननं लिहिलेलं. भाऊबंद कॅलेंडरवर, मावश्या कॅलेंडरवर, गुरुजी कॅलेंडरवर. मामांचा नंबर तर संकष्टीच्या चौकोनात, त्याला दोन रेघा मारून. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच भिंतीसमोर बसून मी लहानाचा मोठा झालो आहे.

बरं, आमच्याही पत्रिका ‘मांडव’मध्येच केल्या होत्या. तळाची ओळ मी मुद्दाम ठेवली. अख्ख्या जगात ती एकच पत्रिका अशी होती जिच्यावर तो नंबर बरोबर होता!

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा पस्तीसचा. सुरतेत लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात, तर आम्ही सकाळी सातलाच वाडीवर. मागे वरण-बट्टीचा घाट, वांग्याच्या भाजीचा वास, वैशू आत नटायला बसलेली. आणि मी? मी कोपऱ्यात खुर्ची ओढून आमच्या मंडळींना फोनवर कळवत होतो, ‘मांडव’ची नवी आवृत्ती आजच, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या मुहूर्तावर प्रसिद्ध करू! सगळे खूश. नितीननं अभिनंदन केलं. मी लिहिलं, नव्या आवृत्तीत आप्पांची ओळ कायमची काढली आहे. अंगात नुसता उत्साह संचारला होता.

आठ वाजले, साडेआठ, नऊ. मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, आप्पांचा फोन कसा शांत आहे. आई म्हणाली, फोन शांत आहे ते ठीक, पण वाडी का शांत आहे? खरंच की. धुळ्याच्या मावश्या नाहीत, उधन्याचे काका नाहीत. आप्पा नवा फेटा बांधून दारात उभे, हातात फोन, आणि दर दोन मिनिटांनी तो कानाला लावून बघताहेत की बंद तर नाही ना.

तेवढ्यात गुरुजी आले. घामाघूम. त्यांनी आधी काही न बोलता आपला फोन माझ्यापुढे धरला. म्हणाले, “मी एवढी लग्नं लावली. मुलाकडचे नाही म्हणालेले पाहिलेत, मुलीकडचे नाही म्हणालेले पाहिलेत. पण यजमानच स्वतः लिहून कळवतोय की या लग्नाशी आमचा संबंध नाही, हे पहिल्यांदाच. मी फक्त विचारणार होतो की मागच्या दारानं येऊ का पुढच्या.”

खाली ‘शुभ विवाह’ होतंच.

मी आप्पांच्या हातून फोन घेतला आणि ॲप उघडलं. त्यानं मोठ्या अभिमानानं हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आज अडवलेले त्रासदायक कॉल : ४१’. ते ‘त्रासदायक’ भाषांतर माझंच. खाली नंबरांची यादी. मी एकेक नंबर आप्पांना वाचून दाखवायला लागलो. आप्पा शांतपणे सांगत गेले, ही धुळ्याची मोठी मावशी. ही धाकटी. हा काका. ही परत मोठी मावशी. आणि मग एक नंबर मी वाचला, जो लागोपाठ पाच वेळा होता, आणि आप्पा एवढंच म्हणाले, संकष्टी.

मामा!

पाच वेळा फोन, पाच वेळा कट, आणि पाच वेळा ‘या लग्नाशी आमचा काहीही संबंध नाही’.

त्याच क्षणी माझा फोन वाजला. जितेंद्र. आवाज असा की कुठल्याही क्षणी रडेल. म्हणाला, “भाऊ, आमचं काही चुकलं का? मामांनी गाडी कडोदऱ्याला थांबवलीय. म्हणताहेत वळवा. मला फक्त एकदा सांगा, वैशूलाच नको आहे का?”

सांगतो तुम्हाला, त्या प्रश्नानं माझं सगळं ओपन सोर्स एका झटक्यात बंद झालं. आत माझी बहीण हिरवा चुडा भरून बसली होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. आणि केवळ मला भिंतीवरचे नंबर उतरवून घ्यायचा कंटाळा आला म्हणून तिचं लग्न मोडत होतं.

मी जितेंद्रला एवढंच म्हणालो की वैशूचं काही नाही, चूक माझी आहे, दहा मिनिटं गाडी धरून ठेव, आणि आप्पांना स्कूटरवर मागे बसवून निघालो. रेल्वेखालच्या गरनाळ्यातून, परवत पाटियाच्या चौकातून, ट्रकांच्या मधून. आप्पांचा फेटा वाऱ्यानं सुटून माझ्या तोंडावर यायचा, मी तो बाजूला करायचो, पुन्हा यायचा.

दहाची पंचवीस मिनिटं झाली. कडोदऱ्याला पोचलो तर गाडी हायवेच्या पलीकडे. चहाच्या लारीशी, म्हणजे हातगाडीशी, मामा उभे, भोवती वऱ्हाड, आणि मामा मोठ्यानं तो मेसेज वाचून दाखवताहेत. आप्पांना म्हटलं तुम्ही इथेच थांबा, मी समजावतो. आणि ट्रकांतून वाट काढत मी एकटाच पलीकडे धावलो.

आता माझी अक्कल बघा. पाया पडून चूक झाली म्हणायचं की नाही? मी सुरुवातच अशी केली की मामा, हे समजून घेण्यासाठी आधी ओपन सोर्स म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल.

मामांनी डोळे बारीक केले. मी घाईघाईनं सांगितलं की आम्ही एक सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी उघडं ठेवलं, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं, त्यात आप्पांचा नंबर राहिला, म्हणून दुनियेच्या लग्नांचे फोन आप्पांना येतात, म्हणून मग मी…

“म्हणजे बापाचा नंबर दुनियेला उघडा,” मामा म्हणाले, “आणि आम्हाला तेवढा बंद?”

मामा ड्रायव्हरकडे वळले आणि म्हणाले, काढ गाडी. ड्रायव्हरनं चहाचा ग्लास ठेवला. जितेंद्र मुंडावळ्या हातात धरून दारातल्या पायरीवर बसला होता, त्यानं मान खाली घातली.

आणि तेवढ्यात हायवेच्या पलीकडून, चार पदरी रस्ता, ट्रक, बस, हॉर्न, सगळ्याच्या वरून एक आवाज आला.

“जठे शेतस तठेच थांबा! हालू नका! मी उनू!”

आमचे आप्पा. फेटा अर्धा सुटलेला, हात वर केलेला. मुलीचा बाप म्हणून दाबून ठेवलेला आवाज एकदाचा सुटला होता. ड्रायव्हर होता तिथेच थांबला. लारीवाला थांबला. मला तर वाटतं दोन ट्रकही थांबले.

पण मामांचं काहीतरी भलतंच झालं. ते वळले, टोपी सरळ केली आणि मला विचारलं, “हा आवाज कोणाचा?”

मी म्हटलं, आप्पांचा. माझ्या वडिलांचा. तुमच्या व्याह्यांचा.

मामा लारीच्या बाकावर मटकन बसले. मग त्यांनी सांगितलं. फाल्गुनात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. वऱ्हाडाची गाडी आडरस्त्याला लागली, मुहूर्त जवळ, गाडीत म्हातारी माणसं आणि लहान पोरं. पत्रिकेवर नंबर दिसला म्हणून लावला. आणि एका माणसानं पाऊण तास फोन सोडला नाही. रस्त्यातल्या मेंढपाळाला फोन द्यायला लावला, शाळेच्या शिपायाला द्यायला लावला, एका बाईला तर धुणं टाकून गाडीत बसायला लावलं वाट दाखवायला. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना पोचले. लग्नानंतर मामा सगळ्या मांडवात शोधत फिरले की हे आप्पा कोण. मुलाकडच्या घरात तीन आप्पा निघाले, आणि तिघांनीही सांगितलं की आम्ही नाही.

तोवर आप्पा रस्ता ओलांडून आले होते. हात जोडून उभे राहिले, पुन्हा तसेच दबक्या आवाजात माफी मागायला लागले. मामांनी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, असं नका बोलू हो, मोठ्यानं बोला. आणि मिठी मारली. मामांची टोपी खाली पडली. कुणीही उचलली नाही तरी मामा काही बोलले नाहीत.

लग्न बारा पस्तीसलाच लागलं. मावश्या पोचल्या, काका पोचले, सगळ्यांनी मला आपापला फोन काढून तो मेसेज दाखवला, आणि प्रत्येकापुढे मी पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा केला. वैशूला जितेंद्रनं सगळं बोहल्यावरच सांगितलं असावं, कारण सप्तपदी चालू असताना ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मंगलप्रसंगाची नव्हती. मामांनी जेवताना एकच मागणी केली. ते ॲप आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर काढ. मी काढलं. बट्टीच्या तुपाच्या हातानंच काढलं.

तुम्ही म्हणाल, संपलं. छे हो, माझी खरी फजिती तर पुढे आहे.

आठवड्यानं मी ‘मांडव’च्या तक्रारींच्या यादीत गेलो. ही यादीही उघडी असते, कुणीही लिहू शकतं. नवी आवृत्ती निघाली होती, म्हटलं बघू लोक काय कौतुक करताहेत. पहिलीच तक्रार अमळनेरच्या एका प्रेसवाल्याची. ‘नव्या आवृत्तीत आप्पा येत नाहीत. गिऱ्हाईक विचारतात. कृपया दुरुस्त करावे.’ खाली शिरपूरचा. ‘आमच्याकडेही हीच अडचण. आप्पा चालू करा.’ तिसरा म्हणाला, तो जुन्या आवृत्तीवरच थांबला आहे, कारण त्यात आप्पा आहेत. मी सविस्तर उत्तर लिहिलं की ही अडचण नसून दुरुस्ती आहे, मूळ ओळ ही माझी चूक होती. त्यावर कुणीतरी लिहिलं, ‘तुमची चूक चांगली होती, दुरुस्ती वाईट आहे.’ लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, पण गाव शहादा होतं.

मी घरी आलो. आप्पा खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर. जुन्या पत्रिकांची लग्नं आटोपत आली होती, आणि फोन आता खरोखरच शांत होता. ते भिंतीकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. मी त्या माणसाला सगळ्या खान्देशात कामाला लावलं होतं आणि मीच त्याला पुन्हा खुर्चीत आणून बसवलं होतं. मी त्यांना यादी वाचून दाखवली. आप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मंग टाक ना परत. इचारस काय?”

टाकली. या वेळी रीतसर, आप्पांना विचारून, सगळ्यांच्या संमतीनं. नितीननं तपासलं, त्याला या वेळी नंबर दिसला. आणि आमच्यात पद्धत आहे की ज्यानं ज्यानं हातभार लावला त्याचं नाव यादीत द्यायचं, ज्याचं काम जास्त त्याचं वर. मंडळींनी एकमतानं ठरवलं आणि आज ‘मांडव’ उघडलंत तर सगळ्यात वर नाव आहे, आप्पा, लिंबायत. पुढे लिहिलंय, ‘वऱ्हाडं पोचवली.’

माझं नाव त्यांच्या खाली आहे. दोन वर्षं राबलो, चिल्ल्यापिल्ल्यांचा रकाना केला, पंचवीस नावं घातली तरी ओळ मोडत नाही. पण यादीत प्रत्येकाच्या नावापुढे त्यानं केलेल्या कामाच्या शेवटच्या तीनच नोंदी दिसतात, बाकीच्या बघायला खाली जावं लागतं, आणि खाली कोण जातं? त्यामुळे माझ्या नावापुढे जगाला जे दिसतं ते एवढंच:

आप्पांचा नंबर टाकला.
आप्पांचा नंबर काढला.
आप्पांचा नंबर परत टाकला.